जर्मन घर : नमुना आणि बिऱ्हाडकरू

जर्मनीत भाड्याची जागा सोडून जाणारा मनुष्य पुष्कळदा आपले स्वयंपाकघर बरोबर घेऊन जातो. हे वाक्य आम्ही विनोदाने लिहिलेले नाही. ओटा, त्याखालची कपाटे, भिंतीवरची फडताळे, शेगडी, इतकेच काय पण भांडी धुण्याची मोरीदेखील तो खोलून गाडीत घालतो, आणि मागाहून येणाऱ्या बिऱ्हाडकरूच्या वाट्याला चार कोऱ्या भिंती, पाण्याच्या नळीचे तोंड व विजेची जोडणी एवढेच राहते. भिंतीदेखील कोऱ्या म्हणजे अगदी कोऱ्या. कारण जागा सोडताना त्या रंगवून द्याव्यात अशी अट करारात घालण्याची तेथे जुनी चाल आहे. त्या देशातील निम्म्याहून अधिक कुटुंबे आजही भाड्याच्या घरांत राहतात, तेव्हा हा प्रकार काही मूठभरांचा नव्हे.

बाहेरून गेलेल्या मनुष्यास अशा घरात प्रथम जाणवतो तो त्याचा निराडंबरपणा. पांढऱ्या भिंती, मोजके सामान, जमिनीपासून अधांतरी टांगलेली फडताळे आणि जिथल्या तिथे ठेवलेली प्रत्येक वस्तू. हे पाहून 'जर्मन मनुष्य स्वभावतःच शिस्तीचा' असा निकाल देऊन आपण मोकळे होतो. परंतु राष्ट्रीय स्वभाव ही इतिहासलेखनातील फार सोयीची पळवाट आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा जर्मन दिवाणखाना मखमल, झालरी, कोरीव कपाटे आणि चिनी मातीच्या बाहुल्या यांनी इतका भरलेला असे की त्यात वळणे कठीण. मग हा बदल झाला कसा? आमच्या मते हा स्वभावाचा परिणाम नसून एका दीर्घ भांडणाचा परिणाम आहे. घर आतून कसे असावे हे घर आखणाऱ्याने ठरवावे की त्यात राहणाऱ्याने, हे ते भांडण. आणि ते पेटले जागेच्या टंचाईमुळे.

टंचाईपासूनच आरंभ केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्लिन शहर कारखान्यांनी फुगू लागले. १८६२ साली होब्रेख्ट नावाच्या अभियंत्याच्या देखरेखीखाली शहराच्या वाढीचा नकाशा तयार झाला. त्याने रुंद रस्ते आखले, पण रस्त्यांमधील मोठमोठ्या भूखंडांवर आत काय बांधावे याविषयी नियम फार थोडे होते. त्या वेळी लागू असलेल्या १८५३ च्या नियमानुसार इमारतीच्या आतील चौकाची बाजू निदान ५.३४ मीटर असणे आवश्यक होते. हा आकडा आला कोठून? आगीचा बंब चौकात वळविता यावा म्हणून! माणसाला उजेड किती लागतो हा विचार त्या आकड्यामागे नव्हता. जमीनमालकांनी एकामागे एक चौक घालून भूखंड भरून काढले. वेडिंग भागातील १८७४ सालच्या 'मायर्स होफ' या इमारतीत असे सहा चौक एकापाठोपाठ एक होते आणि तीत एके काळी दोन हजारांच्या आसपास माणसे राहत. (ती १९७२ साली पाडण्यात आली.) मुंबईच्या गिरणगावातील चाळ ज्यांनी आतून पाहिली आहे त्यांच्यापुढे या जीवनाचे अधिक वर्णन करण्याची गरज नाही. फरक एवढाच की बर्लिनच्या हिवाळ्यात गॅलरीत अंथरूण टाकता येत नाही. शेगडीमुळे ऊबदार राहणारी एकच खोली असे, ती म्हणजे स्वयंपाकघर. तेथेच शिजे, तेथेच कपडे धुतले जात, तेथेच शिवणकाम चाले आणि रात्री तेथेच अंथरुणे पडत. भाडे भागावे म्हणून पुष्कळ कुटुंबे बिछान्यापुरता पाहुणाही ठेवीत; रात्रपाळीचा कामगार दिवसा येऊन निजे व पैसे देऊन जाई.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. ज्या कुटुंबाला दुसरी खोली परवडे ते कुटुंब तीत राहत नसे! ती 'चांगली खोली' म्हणून कुलपात राही. तीत सोफा, टेबलावर विणलेले आच्छादन, कोरीव काचकपाट. आणि तिचे दार उघडायचे ते रविवारी, नाताळात किंवा घरात कोणी वारले म्हणजे. श्रीमंतांच्या दिवाणखान्याची ती गरिबाघरची प्रतिकृती होती. सुधारकांना ही खोली म्हणजे शुद्ध मूर्खपणा वाटे: माणसे चुलीजवळ चेंगरून निजतात आणि सोफा ऐसपैस जागेत राहतो. तसे पाहिले तर त्यांचे म्हणणे खरे होते. पण त्या खोलीत कुटुंबाची अब्रू राहत होती हे त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आले.

सुधारकांच्या पक्षाला संघटित रूप मिळाले ते १९०७ साली म्युनिक येथे स्थापन झालेल्या 'वेर्कबुंड' या संघात. कारागीर, चित्रकार, वास्तुशिल्पी आणि कारखानदार यांना एका मांडवाखाली आणणे हा त्याचा हेतू. त्याच्या प्रवर्तकांत हेर्मान मुथेसियुस हे नाव प्रमुख आहे. हे गृहस्थ १८९६ ते १९०३ पर्यंत लंडनच्या जर्मन वकिलातीत होते. तेथे त्यांनी इंग्रजांच्या घरांचा बारकाईने अभ्यास केला आणि परत आल्यावर त्यावर तीन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९१४ च्या उन्हाळ्यात, महायुद्ध अगदी दाराशी आले असता, कोलोन येथे वेर्कबुंडचे अधिवेशन भरले. मुथेसियुस यांनी असे मांडले की यापुढे घरे व वस्तू यांचे ठराविक नमुने सिद्ध करावेत आणि तेच सर्वत्र चालवावेत. त्याखेरीज सर्वसामान्यांची अभिरुची सुधारणार नाही. बेल्जियन कलावंत हेन्री व्हान डे व्हेल्डे यांनी उठून विरोध केला. खरा कलावंत ठराविक साच्याला कधीही मान तुकवणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. तरुण वाल्टर ग्रोपियुस आणि ब्रूनो टाउट हे त्या दिवशी व्हान डे व्हेल्डे यांच्या बाजूला होते. दहा-बारा वर्षांनी नमुन्याची घरे रांगेने उभारणाऱ्यांत हेच दोघे आघाडीवर असावेत, ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तथापि या वादात एक पक्ष गैरहजरच होता. आखणारा मोठा की कारखाना मोठा यावर बोलणे झाले. ज्याला त्या घरात राहावयाचे त्याला कोणी विचारले नाही.

युद्ध हरले, बादशाही गेली. १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १५५ व्या कलमात प्रत्येक जर्मन माणसास निकोप घर मिळावे हे राज्याचे ध्येय म्हणून लिहिले गेले. ध्येयाला पैसा लागतो; तो चलनवाढ आटोक्यात आल्यावर १९२४ पासून मिळू लागला. चलनवाढीत जुन्या घरांवरील कर्जे मातीमोल झाली होती व घरमालकांचा फुकटचा फायदा झाला होता. त्या जुन्या घरांवर कर बसवून त्यातला वाटा नव्या घरांसाठी राखण्यात आला. या पैशाच्या जोरावर बर्लिन, हाम्बुर्ग, माग्डेबुर्ग अशा अनेक शहरांनी वसाहती बांधल्या. पण आतल्या खोल्यांचा सर्वांत कसून विचार झाला तो फ्रांकफुर्ट शहरी. म्हणून आपण थोडे तेथेच थांबू.

नगराध्यक्ष लांडमान यांनी १९२५ साली एर्न्स्ट माय या वास्तुशिल्प्याला शहराचे बांधकाम खाते सोपविले. माय यांनी पाच वर्षांत सुमारे बारा हजार घरे उभी केली. घर जितके लहान तितके स्वस्त. पण लहान किती करावे, की ज्याच्या खाली गेले असता माणसाचे माणूसपण जाईल? १९२९ साली आधुनिक वास्तुशिल्प्यांची आंतरराष्ट्रीय परिषद फ्रांकफुर्टला भरली तिचा विषय नेमका हाच होता. माय यांच्या कचेरीत १९२६ साली व्हिएन्नाहून एक तरुण बाई रुजू झाल्या. त्यांचे नाव मार्गारेटे लिहोट्स्की. ऑस्ट्रियात वास्तुशिल्पाचे शिक्षण घेतलेल्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांच्याकडे स्वयंपाकघराचे काम आले.

अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनी कारखान्यातील वेळ-श्रम-मापनाची पद्धत घरकामाला लावून एक पुस्तक लिहिले होते. त्याचे जर्मन भाषांतर नुकतेच निघाले होते. लिहोट्स्कीबाईंनी ते वाचले, घड्याळ लावून कामे मोजली, आगगाडीच्या भोजनडब्यातील चिमुकल्या स्वयंपाकघराचा अभ्यास केला आणि सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशी एक खोली आखली. खिडकीखाली कामाचा ओटा, पुढे फिरते स्टूल, ओट्याला कचरा लोटण्याचा खण. भिंतीतून खाली पडणारी इस्त्रीची फळी. छताला रुळावरून सरकणारा दिवा. डाळ, तांदूळ, साखर यांसाठी ॲल्युमिनियमचे मूठवाले खण, चोच असलेले, की सरळ उपसून भांड्यात ओतावे. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्या लाकडातील तुरट द्रव्याने कीड दूर राहते. कपाटांचा रंग निळसर हिरवा, कारण त्यावर माशा बसत नाहीत असा त्या वेळी समज होता. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे फ्रांकफुर्टच्या घरांत बसविली गेली. त्यांचा खर्च बांधकामातच धरून भाड्यातून वसूल होई. त्यामुळे कामगाराला आत शिरताना कपाटे विकत घ्यावी लागत नसत. एवढी सोय त्यापूर्वी सामान्य स्त्रीच्या वाट्याला आली नव्हती, हे निःसंकोच कबूल केले पाहिजे.

परंतु ही खोली इतकी अरुंद ठेवण्यामागे केवळ काटकसर नव्हती. तीत जेवणाचे टेबल मावू नये असाच बेत होता. टेबल मावले नाही म्हणजे कुटुंब शेजारच्या खोलीत जेवेल, तेथे बसेल, आणि ती कुलूपबंद 'चांगली खोली' आपोआप रोजच्या वापरात येईल. भिंत कोठे घालायची एवढे ठरवून माणसांची शंभर वर्षांची सवय मोडण्याचा हा प्रयत्न होता. तो किती सफल झाला? काही बिऱ्हाडकरूंनी त्या अरुंद जागेतही टेबल कोंबले. काहींनी आजीच्या वेळचे भले मोठे कपाट आणले आणि ते जिन्यातच अडकले. आईला मदत करावयास मुलगी उभी राहिली तर दोघींची टक्कर होई. शहराच्या कचेरीने नमुन्याचे फर्निचर सुचविणारी नोंदपत्रे काढली, मासिक चालविले, फेर्डिनांड क्रामर यांसारख्यांकडून साध्या प्लायवुडची स्वस्त कपाटे व खुर्च्या आखून घेतल्या, बेकार कामगारांच्या कर्मशाळेत त्या बनविल्या. हेतू चांगलाच होता. पण भिंतीवर काय टांगावे हेही नगरपालिकेने शिकवावे, ही गोष्ट काही सर्वांना रुचली नाही. 'रोमरस्टाट' वसाहतीत सुमारे बाराशे घरे संपूर्ण विजेवर चालणारी बांधली, तेथे विजेच्या शेगडीच्या खर्चाबद्दल कुरकुर झाली. आणि सर्वांत कटू सत्य असे की व्याजाचे दर चढल्यामुळे या घरांची भाडी साध्या मजुराच्या आवाक्याबाहेर गेली. आत राहावयास आले ते बहुतेक कारकून, शिक्षक आणि कसबी कामगार.

त्याच सुमारास म्युनिकमध्ये दुसरी एक तोड निघाली. तेथे शिजवायची जागा व बसायची खोली यांच्यामध्ये काचेची तावदाने घातली, म्हणजे वाफ आत राहावी पण आईला मूल दिसावे. आम्हाला ही तोड अधिक शहाणपणाची वाटते. तिची कीर्ती मात्र फ्रांकफुर्टइतकी झाली नाही.

बाउहाउस या विद्यालयाविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, म्हणून येथे थोडक्यात आटोपतो. १९१९ साली वायमारला ते निघाले, १९२५ साली देसाउला गेले, १९३३ साली बर्लिनमध्ये बंद पडले. तेथील पोलादी नळ्यांच्या खुर्च्या जगभर गाजल्या, पण त्या काळी त्या कामगाराला परवडणाऱ्या नव्हत्या. जी वस्तू घरोघर गेली ती निराळीच: भिंतीचा कागद! राश या कारखान्यासाठी तयार केलेले हे फिक्या रंगांचे, बारीक रेघांचे कागद १९२९-३० पासून खपू लागले आणि शाळेला त्यांनी चांगले उत्पन्न दिले. टाउट यांचे नव्या घरावरील पुस्तक १९२४ सालचे. घरातली अडगळ फेकून द्या, असा त्याचा गृहिणींना उपदेश. १९२७ साली स्टुटगार्टच्या वायसेनहोफ टेकडीवर मीस व्हान डेर रोहे यांच्या देखरेखीखाली सतरा वास्तुशिल्प्यांनी एकवीस नमुन्याची घरे बांधून दाखविली, ती पाहावयास लाखो लोक लोटले. पाहून गेलेल्यांपैकी किती जणांनी घरी जाऊन सोफा विकला, हा प्रश्न निराळा.

या कथेचा एक धागा मराठी माणसाच्या ओळखीच्या गावी येतो, तो येथे सांगितलाच पाहिजे. इंदूरचे यशवंतराव होळकर हे इंग्लंडात शिकत असता त्यांची एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुशिल्प्याशी मैत्री जडली. कोलोनच्या अधिवेशनात ठराविक नमुन्याचा पुरस्कार करणाऱ्या हेर्मान मुथेसियुस यांचा हा मुलगा. १९३० ते १९३३ या काळात त्याने इंदूरचा माणिकबाग राजवाडा आतबाहेर आखला. धातूच्या खिडक्या आणि पुष्कळसे सामान युरोपातून बोटीने आले. हवा थंड ठेवण्याची यंत्रणा बसली. दिवे, कुलपे, कपाटे यांचे स्वतंत्र नकाशे झाले. पॅरिसच्या नामवंतांचे फर्निचर आले. बापाने साऱ्या राष्ट्राला एक साचा मागितला, मुलाने एकाच माणसासाठी असे घर केले की ज्याची दुसरी प्रत नाही! जर्मनीत मंदी कळसाला पोचून वसाहतींचे काम थंडावत होते, त्याच वर्षांत ते विचार संपूर्ण ऐश्वर्यानिशी मूर्त झाले ते मराठी राजघराण्याच्या वाड्यात. पुढे त्या वास्तूत केंद्र सरकारच्या अबकारी व सीमाशुल्क खात्याची कचेरी आली, आणि आतील फर्निचरचा मोठा भाग १९८० साली मोनाको येथे लिलावात विकला गेला.

१९३३ नंतर जर्मनीत सपाट छप्पर हे परकीय व अराष्ट्रीय ठरले. माय आधीच, १९३० साली, सहकाऱ्यांसह सोव्हिएत रशियात गेले होते; लिहोट्स्कीबाईही त्यांच्याबरोबर होत्या. युद्धात शहरे जळाली. १९४५ नंतर पूर्वेकडून हाकलून दिलेले लक्षावधी जर्मन येऊन पोचले, आणि टंचाईचा प्रश्न बर्लिनच्या चौकांपेक्षाही भयंकर रूपात पुन्हा उभा राहिला.

पश्चिम जर्मनीने १९५० साली कायदा करून सहा वर्षांत अठरा लाख घरांचे लक्ष्य ठेवले. या घरांतील स्वयंपाकघर फ्रांकफुर्टच्या नमुन्याचे नातू शोभावे असे होते. अरुंद तितकेच, पण लिहोट्स्कीबाईंची बारकाई मात्र बहुधा गळालेली. इतर खोल्यांत आखणारे आणि राहणारे यांची वाट स्पष्टच फुटली. उल्म येथे १९५३ साली निघालेल्या शाळेने पुन्हा साधेपणाचा झेंडा उभारला. डीटर राम्स यांची १९६० सालची भिंतीवरील मांडणी, घर बदलले तरी खोलून नेता येणारी, आजही बनते व विकते. पण रूर खोऱ्यातील कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या माणसाने पैसे साठवून घेतले ते कोरीव, चकचकीत, फुगीर पोटाचे लठ्ठ कपाट. सुशिक्षितांनी त्याला एका खाणगावाचे नाव देऊन 'गेल्सेनकिर्शेनी बरोक' म्हणून हिणविले. आमची सहानुभूती येथे खाणकामगाराकडे आहे. ज्याने दहा वर्षे ढिगाऱ्यात काढली त्याला रिकाम्या भिंतीचे सौंदर्य कोणी सांगावे? पुढे त्याच गावाच्या संग्रहालयाने त्या कपाटांचे प्रदर्शन भरविले.

पूर्व जर्मनीत नमुन्याचा पक्ष पूर्णपणे जिंकला. १९७३ साली तेथील सरकारने १९९० पर्यंत घरटंचाई संपविण्याचा कार्यक्रम जाहीर केला, आणि कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती क्रेनने जोडून गावोगाव एकसारख्या इमारती उठल्या. काही प्रकारांत स्वयंपाकघर घराच्या मधोमध, खिडकीवाचून असे. ताटे द्यावयास बैठकीच्या भिंतीत एक झरोका. राहणाऱ्यांना नळाचे ऊन पाणी आणि केंद्रीय उष्णता मिळाली, याचे त्यांना अप्रूप होते. जुन्या घरात कोळशाच्या बादल्या वाहिलेल्यांनाच त्याचे मोल कळेल. पण त्याच देशात रुडोल्फ होर्न यांनी १९६७ साली सुटे भाग हवे तसे जोडून कपाट करता येईल अशी योजना आखली आणि पुढे रोस्टॉक येथे काही घरे आतल्या भिंतींवाचून सोडून, भिंत कोठे घालायची हे बिऱ्हाडकरूंवर सोपविले. जो प्रश्न कोलोनला कोणी विचारला नव्हता तो येथे विचारला गेला. प्रयोग मात्र प्रयोगच राहिला.

सत्तरीच्या दशकात स्त्रियांच्या चळवळीने फ्रांकफुर्टच्या स्वयंपाकघरावर खटला भरला: या खोलीने बाईला एकटे कोंडले, नवऱ्याला व मुलांना दाराबाहेर ठेवले. आरोपात तथ्य आहे. तथापि १९२६ सालच्या ज्या बाईला चुलीपाशीच निजावे लागे तिला आरोपी कोण वाटला असता, हेही विचारावयास हवे. १९८२ साली ओट्ल आयशर यांनी, उल्मच्या त्याच शाळेच्या एका संस्थापकाने, बुल्टहाउप या कारखान्यासाठी स्वयंपाकघराचा अभ्यास करून पुस्तक लिहिले. त्यांनी मध्यभागी मोठे कामाचे टेबल ठेवले, की ज्याभोवती चौघांनी उभे राहून चिरावे, बोलावे. आज नव्या जर्मन घरांत स्वयंपाकघर व बैठक यांमधली भिंत पुष्कळदा नसतेच. मोठ्या कष्टाने बाहेर काढलेले टेबल असे परत आत आले.

टंचाई मात्र गेलेली नाही. २०२१ साली आलेल्या सरकारने वर्षाला चार लाख घरांचे लक्ष्य जाहीर केले होते. २०२३ साली पुरी झाली ती सुमारे दोन लाख चौऱ्याण्णव हजार. त्यामुळे कारखान्यात तयार केलेल्या, एकाच नमुन्याच्या घरांची भाषा सरकारदरबारी पुन्हा ऐकू येते.

लिहोट्स्कीबाईंचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. रशियाहून निघाल्यावर त्या नाझींविरुद्धच्या गुप्त लढ्यात पडल्या, १९४१ साली व्हिएन्नात पकडल्या गेल्या, पंधरा वर्षांची शिक्षा झाली आणि १९४५ साली सुटल्या. त्यांनी बालवाड्या आखल्या, शाळा आखल्या, आपल्या तुरुंगवासाच्या आठवणी लिहिल्या. १८ जानेवारी २००० रोजी, एकशेतीन वर्षे पुरी होण्यास पाच दिवस असता, त्या वारल्या. फ्रांकफुर्टची ती खोली आखली तेव्हा त्यांनी स्वतः कधी संसार केला नव्हता की स्वयंपाक केला नव्हता, असे त्या सांगत. म्हातारपणी भेटावयास येणारे बहुतेक जण त्या एका स्वयंपाकघराविषयीच विचारीत, आणि त्याचा त्यांना फार राग येई.